बोलेल तो करेल

६ जानेवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. त्यात तुझ्या पाठदुखीवर एक पान, शेजारणीच्या मांजरावर दोन पाने आणि इकडे येण्याविषयी एक ओळ आहे. मी उलटा क्रम लावते.

आपल्या तळे राखण मंडळाची वार्षिक सभा आठ फेब्रुवारीला दुपारी आहे. जागा नेहमीचीच, आमच्या घरासमोरच्या वाचनालयाची मागची खोली. तू मंडळाची आजीव सभासद आहेस. तुमचे लग्न झाले त्याच वर्षी भावजींनी तुझे नाव घातले होते. इतक्या वर्षांत तू एकदाही मत द्यायला आली नाहीस, आणि भावजी गेल्यावर तुला बोलवायचे माझ्याही जिवावर आले. यंदा मात्र बोलावते आहे.

भावजींनी केलेला नियम तुला आता आठवत नसेल, म्हणून लिहिते. सभेत जो सूचना मांडेल आणि ज्याची सूचना मंजूर होईल, त्यानेच ते काम वर्षभरात करायचे. बोलेल तो करेल. या एका नियमामुळे आमच्या सभा फार शांत असतात. अध्यक्ष म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. ते म्हणतात, दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून दमतो, सभेत येऊन तेवढाच आराम मिळतो.

सभा संपली की त्याच खोलीत स्नेहमेळावा. चहा, केक, रोपांची विक्री आणि दाराशी ठेवलेली पेटी. पेटीत पैसे टाकून केलेल्या सूचनेला काम चिकटत नाही. सभेत जे मूग गिळून बसतात ते सगळे मग पेटीसमोर रांग लावतात. मंडळाचा वर्षाचा खर्च त्यावरच निघतो. तळे राखील तो पाणी चाखील, असे म्हणून काही लोक आम्हाला चिडवतात. आम्ही चाखतो तो चहा, आणि तोही आपापल्या पैशाने.

यंदाची अडचण अशी. चौकातला फरशीवाला आता सभासद झाला आहे. तळ्याला सबंध फेरी मारता येईल अशी फरसबंद वाट, कठडा आणि दिवे, अशी सूचना तो मांडणार आहे. आजवर या नियमाने आम्हाला सगळ्या हौशी माणसांपासून वाचवले. हा पहिलाच असा, की बोलतोही आहे आणि करायलाही तयार आहे, स्वतःच्या खर्चाने. त्याला अडवायचे कशाने?

पूर्वेच्या काठावरच्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या अंडी घालतात. तिकडे आम्ही सभासदसुद्धा जात नाही. पावलांची चाहूल लागली तरी त्या घरटे टाकून जातात. तिथून वाट गेली की तो काठ गेला. मी सगळ्यांची मने चाचपून पाहिली. दोन्ही बाजू सारख्या भरतात. तुझे एक मत मला हवे आहे.

हे बरे आहेत. मी बरी आहे.

तुझी जाऊ


१४ जानेवारी

ती. ताईंना,
सप्रेम नमस्कार.

येते. मांजराची सोय लावली की निघते. मांजर शेजारणीचं असलं तरी ते जेवतं माझ्याकडे, आणि शेजारीण म्हणते की त्याला माझाच लळा आहे. म्हणजे दूध माझं आणि कौतुक तिचं.

तुम्ही विचारत नाही, पण सांगते. कचेरी सुटल्यापासून दिवस लांबलचक झालेत. अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या रस्त्यांचे नकाशे काढण्यात गेली. ते नकाशाचं मोठं टेबल मी निवृत्त होताना हौसेने विकत घेतलं आणि घरी आणलं. त्याच्यावर सध्या कपड्यांना इस्त्री करते. इस्त्री उत्तम होते.

आता एक विचारू? फरशीवाल्याला वाट कशासाठी हवी आहे, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. एवढा खर्च करायला निघालेल्या माणसाचं काहीतरी कारण असेल. दुकानाची जाहिरात म्हणाल, तर तुमच्या तळ्यावर फिरकतं कोण?

आणि दुसरं. तुमचं पत्र नेहमी तळ्यापासून सुरू होतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाला पिल्लं झाली. मला त्यातल्या निम्म्या पाखरांची ओळख नाही, पण सवय झाली आहे. या पत्रात एक पाखरू नाही. म्हणून याच्या आधीचं काढून पाहिलं, त्यातही नाही. त्याच्या आधीच्यात दादांचं सर्दीपडसं आणि वाचनालयाची रंगरंगोटी. सगळं ठीक आहे ना?

तुमची,
धाकटी


२१ जानेवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

येतेस हे वाचून बरे वाटले. पाखरे होती तिथेच आहेत. मंडळाची कामे इतकी असतात की प्रत्येक पाखराची खबर लिहायला सवड मिळत नाही. तू जुनी पत्रे काढून वाचतेस, म्हणजे तुला खरेच वेळ फार आहे.

फरशीवाला परवा घरी येऊन गेला. हातात फरशीचे नमुने. यांनी ते दिवाणखान्यात ओळीने मांडून घेतले आणि तासभर मिटक्या मारत पाहिले. पिवळसर त्यांना पसंत पडली. मी म्हटले, तुम्हाला फरशी स्वयंपाकघराला हवी आहे की तळ्याला? त्यावर ते फरशीवाल्याला म्हणाले, "हिच्यापुढे बोलायचं म्हणजे पेटीत पैसे टाकूनच बोलावं." दोघे हसले. मी हसले नाही.

त्याचे कारण विचारलेस. त्याची म्हातारी आई चाकाच्या खुर्चीत असते आणि तिला तळे बघायचे आहे. हे कारण मोठे हृदयाला भिडणारे असल्यामुळेच धोक्याचे आहे. त्या कारणाने दोन सभासद फुटले आहेत.

आता नीट वाच. सात तारखेला संध्याकाळी पोच. गाडीतून उतरलीस की रिक्षा कर, पिशव्या उचलत चालू नकोस. सभेत माझ्या डाव्या हाताला बस. अध्यक्ष 'विरोधात कोण' म्हणतील तेव्हा हात वर करायचा आणि मी मोजेपर्यंत तो वरच ठेवायचा. उभे राहायचे नाही. तोंड उघडायचे नाही. काही सुचलेच तर मेळावा सुरू होईपर्यंत गिळून ठेव आणि पेटीत पैसे टाकून बोल. तुझे पैसे मी देईन.

गरम कपडे आण. वरची खोली गार असते.

तुझी जाऊ


११ फेब्रुवारी

धाकटीस,
आशीर्वाद.

तू नऊला पहाटेच निघून गेलीस. मी उठले होते. दार उघडल्याचे ऐकले. बाहेर आले नाही, कारण आले असते तर बोलले असते.

चिटणीस या नात्याने सभेचे इतिवृत्त लिहायला बसले आहे. जे घडले ते मला दिसले तसे खाली लिहिते. चुकले असेल तर कळव.

गेल्या वर्षीचा अहवाल वाचून झाला. कुणी काही विचारले नाही. मग फरशीवाला उभा राहिला. कागद आणला होता, पण तो त्याला वाचता येईना. शेवटी तो खिशात घालून एवढेच म्हणाला, "आईला एकदा पाणी जवळून बघायचंय. उतारावर खुर्ची जात नाही. एवढंच आहे, ताई." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उत्तर दिले. "तळं ज्याला बघायचंय त्याने आपल्या पायांनी यावं. ते कुणाच्या सोयीसाठी नाही." ते मी म्हणाले आणि त्याप्रमाणेच इतिवृत्तात लिहिते आहे.

सभा माझ्या बाजूने वळली होती, हे मला खोलीच्या शांततेवरून कळत होते. इतक्या वर्षांत तेवढे तरी कळते. आणि मग माझ्या डाव्या हाताची खुर्ची सरकली.

तू म्हणालीस, "वाट फाटकापासून पश्चिमेच्या जुन्या पायऱ्यांपर्यंत व्हावी. फरशी नको, दाबलेली खडी पुरे. शेवटी एक बाक. त्याच्या पुढे वाट नाही, कठडा नाही, दिवे नाहीत. पूर्वेचा काठ आहे तसाच राहील आणि तो कायम तसाच राहावा, असंही आजच लिहून घ्या."

फरशीवाल्याने आपली सूचना मागे घेऊन तुला अनुमोदन दिले. त्याचे डोळे भरले होते, ते मी इतिवृत्तात घेत नाही. सर्वांनी हात वर केले. विरोधात एक. तो एक कोण, ते तुला माहीत आहे.

मेळाव्यात केक संपला. रोपे संपली. पेटी मात्र जवळपास रिकामीच राहिली, कारण जो तो तुझ्याशीच बोलत होता. यांनी तेवढे पैसे टाकले आणि मोठ्याने सूचना केली की चिटणिसांनी आता घरी जेवायला चलावे.

मला राग आहे तो असा. मी तुला 'नाही' म्हणायला बोलावले होते. तू अर्धे तळे देऊन मोकळी झालीस. अर्धी वाट दिली की माणूस उरलेली अर्धी मागतो. हे तुला कळायला हवे होते.

दुसरे, तू बोलण्याच्या भरात नियम विसरलीस. थोडा वेळ थांबून पेटीत पैसे टाकून हेच बोलली असतीस तर सुटली असतीस. आता ही वाट तुला करावी लागेल. तू परगावी राहतेस, तुझी पाठ दुखते, तुला ते जमणार नाही. मी डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. परगावच्या सभासदाला सूट देता येते, असा अर्थ नियमातून काढता येईल. तू एक ओळ लिहून पाठव, मी तुला सोडवते.

जाऊ


१८ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सप्रेम नमस्कार.

इतिवृत्त बरोबर आहे. फक्त माझी खुर्ची सरकली नाही, मी ती सरकवली.

मला सोडवू नका. नियम मी विसरले नव्हते. तो कुठे झाला माहीत आहे का? माझ्या स्वयंपाकघरात. मंडळ नवीन होतं, आमच्याकडे सारख्या बैठका व्हायच्या. जेवून झाल्यावर हे दाराला टेकून उभे राहायचे आणि तळ्यावर काय काय करायला हवं ते मला सांगत बसायचे, आणि मी भांडी घासत असायचे. एकदा वैतागून म्हटलं, "एवढं बोलता आहात तर एक पातेलं विसळा. या घरात आता बोलेल तो करेल." यांनी पातेलं विसळलं नाही. वाक्य तेवढं उचललं आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या नियमांत घातलं. वर मलाच येऊन सांगितलं, बघ काय सुचलंय मला. तेव्हा सभेत उभं राहिलं की काय गळ्यात पडतं, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. म्हणूनच पेटीपर्यंत थांबले नाही.

आता दुसरं. सातला मी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी तू एकटीच तळ्यावर जाऊन ये, मला कागद नीट लावायचे आहेत. सभेच्या सकाळी तुम्ही कागद लावता? तुमचे कागद तर महिनाभर आधीच लावून झालेले असतात. मी निघाले. बाहेर चिखल होता म्हणून तुमचे गमबूट घ्यायला गेले. त्यात कोळ्याने जाळं केलं होतं, आणि ते काही कालचं नव्हतं.

तळ्यावर गेले. उतारावर माझीच तारांबळ उडाली. खाली कुंपणाच्या खांबाला दादांचा मफलर बांधलेला दिसला, धरायला. मफलर जुना, पण गाठ घट्ट होती. घरी येऊन दादांना विचारलं. ते चहा गाळत म्हणाले, "मला काही माहीत नाही," आणि चहा कपाबाहेर ओतला. ताई, त्यांना खोटं बोलता येत नाही. तुम्ही त्यांना असल्या कामाला लावू नका.

सभेत तुम्ही म्हणालात, आपल्या पायांनी यावं. तुमच्याशेजारी बसून मी ते ऐकलं. ही बाई आपल्याच तोंडाने आपल्यालाच बाहेर काढते आहे, असं वाटलं. तोपर्यंत मी तुमच्याच बाजूने हात वर करणार होते. शपथेवर सांगते.

पूर्वेचा काठ मी दिलेला नाही. उलट तो आता ठरावात आहे. इतकी वर्षं तो फक्त तुमच्या धाकावर राखलेला होता. धाक आहे हे मान्य, पण तो काही कायमचा नसतो.

टेबलावरची इस्त्री काढली आहे. पश्चिमेच्या उताराचा नकाशा निम्मा झाला. उतार थेट काढला तर खुर्ची खाली पळेल. वळण द्यावं लागेल. फरशीवाल्याने मापं पाठवली, त्यातली निम्मी चुकली आहेत. प्रत्यक्ष येऊनच घ्यावी लागतील. वरची खोली मोकळी आहे का? नसेल तर वाचनालयाशेजारच्या खानावळीच्या माडीवर खोली घेईन. तिथलं सूप बरं असतं म्हणे.

तुमची,
धाकटी


२५ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खानावळीतले सूप पांचट असते.

नियम तुझा होता, हे मला कुणी सांगितले नव्हते. मी दरवर्षी सभेच्या सुरुवातीला भावजींचे नाव घेऊन तो वाचून दाखवते. जुने इतिवृत्त आता दुरुस्त करता येणार नाही. पुढच्या वर्षीपासून वाचताना बघू.

तू विचारले नाहीस, पण विचारल्यासारखे लिहिले आहेस, म्हणून सांगते. थंडीच्या सुरुवातीला उतारावर पाय घसरला. घोटा मोडला. जुळला, पण तिरका जुळला. सपाट रस्त्यावर कुणाला कळत नाही. उतारावर तो वळतो. हे एकदा मफलर बांधून आले आणि मला म्हणाले, धरून चल. मी वरून बघितले. मफलर धरून तळ्यावर जायचे असेल तर मला जायचेच नाही, असे मी म्हणाले आणि परतले. त्यानंतर गेले नाही. रोज हे जातात आणि येऊन काहीतरी सांगतात. यांना बगळा आणि कापडाची चिंधी यातला फरक कळत नाही. त्यांच्या तोंडून ऐकून मी तुला काय लिहिणार होते?

तुला कळवले नाही, कारण तू लगेच धावून आली असतीस आणि मग माझ्यासाठी आलीस असे झाले असते. मला तू मंडळासाठी यायला हवी होतीस. हे वाचून हसू नकोस.

वाटेबद्दल माझे म्हणणे बदललेले नाही, एवढे लक्षात ठेव. रुंदी एका खुर्चीपुरतीच हवी. खडी बारीक हवी. काम लव्हाळ्याला हिरवे कोंब फुटायच्या आत संपले पाहिजे, नाहीतर आवाजाने पाणकोंबड्या घरटी धरणार नाहीत. फरशीवाल्याने एकही पिवळसर तुकडा तिथे आणलेला मला दिसता कामा नये.

वरची खोली झाडून घेतली आहे. खिडकीखाली तुझे मोठे टेबल बसेल, यांनी फूटपट्टी लावून पाहिले. त्याचा फार अर्थ काढू नकोस. खोली तशीही झाडायची होतीच. मांजर आणायचे असेल तर शेजारणीला विचारून आण.

तुझी जाऊ


२९ एप्रिल

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू तिकडचे घर रिकामे करायला गेलीस त्याला आठवडाही झाला नाही, तोवर टेबल मालमोटारीतून येऊन पोचले. यांनी आणि फरशीवाल्याने ते जिन्यात अडकवले, मग डॉक्टर आले आणि सगळ्यांना तोंडे बंद ठेवून उचलायला सांगितले. तेव्हा कुठे ते वर गेले. एका पायाला ओरखडा आहे. तो आधीचा आहे, असे हे म्हणतात. तू पाहून घे.

काल वाट उघडली. समारंभ केला नाही. फरशीवाला आईला घेऊन आला. मी फाटकाशी उभी होते. त्याला म्हटले, तू मागे राहा, खुर्ची मी ढकलते. वळणाची वाट खरोखर चांगली झाली आहे. खुर्ची धरलेली असल्यामुळे मलाही धरायला काहीतरी होते. ते तू नकाशा काढताना योजले होतेस की नाही, ते मला सांगू नकोस.

पायऱ्यांशी बाकाजवळ थांबलो. म्हातारी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग तिने बोट दाखवून विचारले, "पलीकडे काय आहे?"

म्हटले, पक्ष्यांची घरटी आहेत.

"तुम्ही बघितलीत?"

"पूर्वी, बाहेरून. जवळ कुणीच जात नाही."

"मग बरंय," ती म्हणाली. "सगळीकडे आपण गेलंच पाहिजे असं थोडंच आहे." आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागली.

मला वाटले होते, ती उरलेली अर्धी वाट मागेल. तिने मागितली नाही. फरशीवाल्यानेही नाही. माझा अंदाज चुकला, हे लिहून ठेवते.

तिला मुलगा घेऊन गेल्यावर मी बसून राहिले. पूर्वेचा काठ आता मला इथूनच दिसेल. पूर्वी मी बांधावरून, लव्हाळ्याच्या कडेकडेने जात असे. मंडळातल्या कुणाला ते माहीत नाही. सगळ्यांना लांब राहा म्हणून सांगायची आणि स्वतः मात्र पहाऱ्याच्या नावाखाली हळूच जायची. आता जाता येणार नाही, आणि काल पहिल्यांदा त्याचे वाईट वाटले नाही. लव्हाळे इथून सबंध दिसते. कडेवरून ते कधीच सबंध दिसले नव्हते. वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लवत जाते, आणि मध्येच एखादी जागा वाऱ्याशिवाय हलते. तिथे घरटे असते.

ऊन उतरायला लागले तसे हे न्यायला आले. म्हटले, थोडे थांबा. तेही बसले. मग डॉक्टर दवाखाना बंद करून फेरफटका मारत आले आणि त्यांना बसायला जागा राहिली नाही. ते काठावर उभे राहून दात कोरत होते, ते बरे दिसले नाही.

बाक आखूड झाला आहे. तू आलीस की लांब करून घे.

तुझी जाऊ